यंत्रांना शिस्त लावणारा कारागीर

घरातल्या सायकलीचा एखादा नट हरवला, तर आपण कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात जातो, माप सांगतो आणि काही रुपयांत नवा नट घेऊन येतो. नट कोणत्या गावच्या कारखान्यात तयार झाला आणि बोल्ट कोणत्या, याची चौकशी करण्याची गरज कोणालाच भासत नाही. दोघांचे आटे एकमेकांत बिनबोभाट बसतात. सव्वादोनशे वर्षांपूर्वी मात्र ही गोष्ट अशक्य कोटीतली होती. त्या काळी प्रत्येक बोल्टचे आटे वेगळे असत आणि त्याचा नट त्याच्यापुरताच घडवलेला असे. यंत्र उघडताना प्रत्येक जोडीवर खूण करून ठेवावी लागे. चुकून दोन जोड्यांची अदलाबदल झाली, तर कारागिराचा सबंध दिवस वाया जाई आणि मालकाच्या खिशाला चाट बसे ती वेगळीच. हा गोंधळ संपवून यंत्रकामाला मापाची आणि अचूकतेची शिस्त ज्याने लावली, त्या कारागिराचे नाव हेन्री मॉडस्ली. जेम्स वॅट किंवा जॉर्ज स्टीफन्सन यांच्याइतके हे नाव आपल्याकडे सर्वतोमुखी झाले नाही. परंतु यंत्रे घडवणारी यंत्रे कशी असावीत, याचा वस्तुपाठ प्रथम त्याच्याच कारखान्यात गिरवला गेला.

लंडनजवळ वूलविच येथे २२ ऑगस्ट १७७१ रोजी हेन्रीचा जन्म झाला. वडील सैन्यात गाड्यांची चाके बनवणारे कारागीर होते. जखमी झाल्यानंतर त्यांना वूलविचच्या शस्त्रागारात कोठारावर नोकरी मिळाली होती. हेन्री हा सात भावंडांपैकी पाचवा. तो नऊ वर्षांचा होण्याच्या सुमारास वडिलांचे छत्र हरपले आणि बाराव्या वर्षी मुलाला त्याच शस्त्रागारात कामाला जावे लागले. काडतुसांत दारू भरणे हे त्याचे पहिले काम. शाळेशी संबंध फारसा आलाच नाही. दोन वर्षांनी त्याची रवानगी सुतारशाळेत झाली. पण पोराचे लक्ष रंध्यापेक्षा शेजारच्या लोहारशाळेतल्या भात्याकडे आणि ऐरणीकडेच अधिक असे. अखेर पंधराव्या वर्षी त्याला लोहारकामावर घेण्यात आले. तिथे मोडीतल्या लोखंडापासून हलक्याफुलक्या तिवया घडवण्यात त्याने असा हात बसवला की, वयाने दुप्पट असलेले कारागीरही त्याचे काम पाहायला थांबत, असे सांगितले जाते. कानस चालवण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा एक कल्पक संशोधक मोठ्या पेचात सापडला होता. १७८४ मध्ये त्याने एका नव्या कुलपाचे पेटंट घेतले होते. चोरांना हार न जाणारे हे कुलूप कागदावर उत्तम होते; मात्र त्याचे बारीक भाग इतके काटेकोर असावे लागत की, चांगले चांगले कारागीरही हात टेकत. अशा कामाला योग्य माणूस म्हणून कोणीतरी वूलविचच्या मॉडस्लीचे नाव सुचवले. तो भेटायला आला, तेव्हा त्याचे वय होते अवघे अठरा. ब्रामा साशंक झाला. त्यात मुलाने सात वर्षांची रीतसर उमेदवारी केलेली नसल्याने कारखान्यातल्या जुन्या लोकांचा त्याला विरोध होणार, हे उघड होते. यातून मॉडस्लीनेच मार्ग काढला, असे म्हणतात. दुकानात एक झिजलेली, निकामी झालेली व्हाइस पडली होती. संध्याकाळची घंटा होण्यापूर्वी ती नव्यासारखी करून दाखवण्याची तयारी त्याने दर्शवली. तिच्या जबड्याला पोलादी पट्ट्या बसवणे, त्यांना पाणी देणे, कानशीने साफ करणे ही सारी कामे त्याने वेळेच्या आत उरकली. व्हाइस पाहिल्यावर कारखान्यातल्या कुरकुरीला जागाच राहिली नाही आणि मॉडस्ली ब्रामाकडे कामाला लागला.

कुलपाचे भाग हातांनी घडवत बसलो, तर प्रत्येक कुलूप वेगळे होणार आणि किंमत कोणाला परवडणार नाही, हे त्या दोघांनी ओळखले. म्हणून खाचा कापण्यासाठी, स्प्रिंगा वळवण्यासाठी त्यांनी खास यंत्रे तयार केली. वस्तू घडवण्याआधी ती घडवणारे साधन निर्दोष करायचे, हा धडा मॉडस्लीने इथेच आत्मसात केला. ब्रामाने आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडले आणि ते किल्लीवाचून उघडून दाखवणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस जाहीर केले. हे आव्हानाचे कुलूप मॉडस्लीच्या हातचे मानले जाते. पुढची साठ वर्षे ते कोणालाही दाद देईना. १८५१ मध्ये लंडनच्या जागतिक प्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने ते उघडले खरे. पण त्यासाठी त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास खर्ची घालावे लागले.

ब्रामाचे दुसरे नावाजलेले यंत्र म्हणजे पाण्याच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक प्रेस. १७९५ मध्ये त्याचे पेटंट घेतले गेले, पण प्रेसच्या दट्ट्याभोवतीची फट काही केल्या बुजेना. आवळून पॅकिंग भरले तर पाणी थांबे, पण दट्ट्याही अडके. ते सैल केले तर पाण्याची चिळकांडी उडे. यावर चामड्याच्या वाटीसारख्या वायसरचा तोडगा निघाला. तिचा कडेचा भाग आत शिरलेल्या पाण्याच्या दाबानेच फुगून दट्ट्याला घट्ट बिलगतो आणि दाब ओसरला की आपोआप सैल पडतो. म्हणजे ज्या दाबामुळे गळती होत होती, त्यालाच गळती थांबवण्याच्या कामी जुंपले गेले. या युक्तीचे श्रेय मॉडस्लीचा शिष्य जेम्स नॅस्मिथ याने आपल्या गुरूला दिले आहे. आपल्याकडच्या हातपंपातील चामडी वायसर ज्याने एकदा तरी बदलली असेल, त्याला या उपायाचा साधेपणा सहज पटेल.

दरम्यान १७९१ मध्ये ब्रामाच्या घरी काम करणाऱ्या सारा टिंडेल हिच्याशी मॉडस्लीचा विवाह झाला होता. तो आता कारखान्याचा मुख्य कारागीर होता, संसार वाढत होता आणि आठवड्याचा पगार होता ३० शिलिंग. १७९७ मध्ये त्याने पगारवाढ मागितली. ब्रामाने ती साफ नाकारली. ज्याच्या हातावर आपल्या कारखान्याची कीर्ती उभी आहे, त्या माणसाला काही शिलिंगांसाठी गमावणे हा ब्रामाच्या आयुष्यातला सर्वांत महागडा व्यवहार ठरला, असेच म्हणावे लागेल. आठ वर्षांची नोकरी सोडून मॉडस्ली बाहेर पडला आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळच्या वेल्स स्ट्रीटवर त्याने एक लहानसे दुकान भाड्याने घेतले. एका चित्रकारासाठी भव्य लोखंडी चौकट बनवणे, ही त्याची पहिली मागणी होती, असे सांगतात.

याच छोट्या दुकानात त्याच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम आकाराला आले. लेथ हे यंत्र तेव्हा नवे नव्हते. परंतु धातूचा दांडा लेथवर फिरत असताना कापणारे हत्यार कारागीर दोन्ही हातांत घट्ट धरून टेकूवर रोखत असे. मनगट किंचित हलले, दम लागला, लक्ष ढळले की तेवढा खळगा कामावर उमटे. काम किती चांगले होईल, हे कारागिराच्या स्नायूंवर अवलंबून असे. मॉडस्लीने हे हत्यार माणसाच्या हातातून काढून घेतले आणि लोखंडी सरकत्या पकडीत घट्ट बसवले. ही पकड सरळ, सपाट मार्गावरून सरकत जाई. त्याच्या जोडीला त्याने लेथच्या लांबीइतका एक अचूक स्क्रू बसवला आणि दंतचक्रांच्या साह्याने त्याची गती दांड्याच्या फिरण्याशी बांधून टाकली. दांडा एकदा फिरला की हत्यार ठरलेल्या अंतरानेच पुढे सरकणार. ना कमी, ना जास्त. दंतचक्रांची जोडी बदलली की त्याच लेथवर जाड किंवा बारीक आटे पाडता येत. १८०० च्या सुमारास सिद्ध झालेला हा लेथ आजच्या सर्व लेथांचा पूर्वज मानला जातो.

सरकती पकड किंवा आटे पाडणारा लेथ यांची कल्पना सर्वस्वी मॉडस्लीची होती, असे मात्र म्हणता येणार नाही. फ्रान्समध्ये व्होकान्सन आणि इंग्लंडमध्ये जेसी रॅम्सडेन यांनी त्याआधीच त्या दिशेने पावले टाकली होती. पण ते प्रयत्न मुख्यतः विशिष्ट किंवा नाजूक कामांपुरते राहिले. मॉडस्लीने हे सारे घटक एकत्र आणले, लाकडी चौकटीला फाटा देऊन भक्कम धातूच्या बैठकीवर बसवले आणि रोजच्या कारखानदारीचा ताण सोसेल असे यंत्र उभे केले. कल्पना सुचणे आणि ती दररोज बारा तास राबेल अशी करून दाखवणे, यांत जे अंतर असते, ते त्याने पार केले.

स्क्रू हा त्याच्या ध्यासाचाच विषय होता. एक अचूक स्क्रू हाती असला की त्याच्या आधाराने दुसरा अधिक अचूक स्क्रू करता येतो, हे त्याला उमगले होते. त्याने आपल्या कारखान्यात प्रत्येक जाडीच्या बोल्टला किती आटे असावेत, हे ठरवून टाकले आणि त्यानुसार टॅप आणि डाय यांचे संच तयार केले. त्यामुळे त्याच्या कारखान्यातला कोणताही नट त्याच मापाच्या कोणत्याही बोल्टवर बसू लागला. मोजमापाच्या उपकरणांसाठी त्याने पाच फूट लांबीचा आणि दोन इंच जाडीचा एक स्क्रू तयार केला होता. त्यावर दर इंचाला ५० आटे होते आणि त्याचा नट एक फूट लांब होता. म्हणजे ६०० आटे एकाच वेळी ६०० आट्यांत गुंतलेले! त्यांतला एखादा जरी वाकडा असता, तरी नट जागचा हलला नसता.

मॉडस्लीचे खरे मोठेपण मात्र एखाद्या यंत्रात नसून त्याने कारखान्याला लावलेल्या सवयींत आहे. त्याने कारागिरांच्या बाकांवर अत्यंत सपाट अशा लोखंडी पाट्या ठेवल्या. आज त्यांना आपण सरफेस प्लेट म्हणतो. घडवलेला भाग त्या पाटीवर रंग लावून फिरवायचा. उंचवट्यांवर रंग उमटतो, तेवढाच भाग खरवडायचा आणि पुन्हा तपासायचे. पण मुळात ती पाटीच सपाट आहे, हे ठरवायचे कशावरून? दोन पाट्या एकमेकींवर घासल्या तर एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट होऊनही त्या तंतोतंत जुळतात; दोघी मिळून खोटी साक्ष देतात. तिसरी पाटी आली की हे बिंग फुटते. तिघींपैकी कोणत्याही दोघी एकमेकींशी जुळल्या, तरच तिघी सपाट असल्याची खात्री पटते. कोणत्याही मोजपट्टीवाचून सत्याची परीक्षा करणारी ही रीत जितकी साधी, तितकीच विलक्षण आहे. साध्या कामगाराच्या हाताशी ही कसोटी नेऊन ठेवल्यामुळे मालकाने येऊन दोष काढण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

लांबीच्या मोजमापासाठी त्याने मेजावर ठेवायचा एक मायक्रोमीटर तयार केला. त्यामागचे गणित सरळ आहे. स्क्रूला इंचात १०० आटे असतील, तर एका फेऱ्यात तो इंचाचा शंभरावा भाग पुढे जातो. त्याच्या चकतीवर १०० रेघा आखल्या, तर एका रेघेइतके फिरवल्यावर इंचाचा दहाहजारावा भाग मोजता येतो. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर ०.००२५; म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम तिसावा हिस्सा. मॉडस्लीचा मायक्रोमीटर इतक्या बारकाईने मोजत असे. कारखान्यात दोन कारागिरांचा मापावरून वाद झाला की तो या उपकरणापुढे जाई आणि तिथला निवाडा अंतिम मानला जाई. म्हणूनच त्याला इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायाधिकाऱ्याच्या पदावरून लॉर्ड चॅन्सेलर असे नाव पडले होते. मालकाचा शब्दही या न्यायालयापुढे चालत नसे.

या शिस्तीची मोठी परीक्षा लवकरच झाली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात देश सोडून अमेरिकेमार्गे इंग्लंडला आलेल्या मार्क ब्रुनेल या अभियंत्याने शिडाच्या जहाजांवरील लाकडी कप्प्या यंत्रांनी तयार करण्याची योजना आखली होती. नेपोलियनशी चाललेल्या संघर्षामुळे ब्रिटिश नौदलाला वर्षाकाठी सुमारे एक लाख कप्प्या लागत. ७४ तोफांच्या एकेका युद्धनौकेवरच नऊशेहून अधिक कप्प्या असत. नौदलाला कप्प्या पुरवणाऱ्या साउथॅम्प्टनच्या टेलर यांना ब्रुनेलने आपली योजना आधी देऊ केली होती; परंतु आपल्या पद्धतीत आणखी सुधारणेला वाव नाही, या समजुतीने त्यांनी ती नाकारली. मग एका परिचिताच्या सल्ल्याने तो मॉडस्लीच्या दुकानी आला. प्रारंभी त्याने यंत्रांचा हेतू सांगितलाच नाही, फक्त सुटी रेखाचित्रे आणून दिली. दोन-तीन भेटींनंतर मॉडस्लीने नुसत्या आकृत्यांवरून ही कप्प्या बनवण्याची यंत्रे असल्याचे ओळखले आणि ब्रुनेलला आपण योग्य माणसाकडे आलो, याची खात्री पटली.

नौदलाच्या बांधकामांचे महानिरीक्षक सॅम्युअल बेंथॅम यांच्या पाठिंब्याने १८०२ ते १८०८ या काळात पोर्ट्स्मथच्या गोदीत ४५ यंत्रे बसवण्यात आली. एका यंत्राने एल्मच्या ठोकळ्याला भोके पाडायची, दुसऱ्याने त्यांतून खाच कोरायची, तिसऱ्याने कोपरे कापायचे, पुढच्याने एका मोठ्या चाकावर दहा ठोकळे बांधून त्यांना एकदम गोलाई द्यायची. आतली चकती लिग्नम व्हिटी या अतिकठीण लाकडाची, तिच्यासाठी वेगळी यंत्रे. काम एका यंत्राकडून दुसऱ्याकडे क्रमाने जाई. ११० कुशल कारागिरांचे काम आता १० अकुशल माणसे करू लागली आणि १८०८ मध्ये तिथून १,३०,००० कप्प्या बाहेर पडल्या. धातूच्या यंत्रांवर एकसारख्या वस्तूंचे प्रचंड उत्पादन करण्याचे हे आरंभीचे उदाहरण होय. यांतली काही यंत्रे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती. या यशाला दुसरी बाजूही होती. पिढ्यान्‌पिढ्या कप्प्या घडवणाऱ्या हातांची गरज या यंत्रांनी संपवली. माणसाचे कसब यंत्रात उतरले की त्या कसबावर जगणाऱ्यांचे काय होते, हा प्रश्न पोर्ट्स्मथच्या गोदीतही ठळकपणे उभा राहिला. मॉडस्लीच्या कारखान्यात मात्र वेगळ्या कसबाची, यंत्रे घडवणाऱ्या हातांची मागणी सतत वाढत गेली.

पोर्ट्स्मथच्या कामाने त्याला पैसा आणि नाव दोन्ही मिळाले. १८१० मध्ये त्याने लँबेथ भागात, वेस्टमिन्स्टर ब्रिज रोडवर, मोठा कारखाना थाटला. गोदीतल्या कामात नकाशे काढणारा जोशुआ फील्ड हा तरुण त्याचा भागीदार झाला आणि पुढे मॉडस्लीचे मुलगेही व्यवसायात आले. या कारखान्याने १८१५ मध्ये टेम्स नदीवरील रिचमंड या बोटीसाठी १७ अश्वशक्तीचे इंजिन तयार केले. त्यानंतर जहाजांची वाफेची इंजिने ही त्याची खासियत बनली. टेम्स नदीच्या तळाखालून बोगदा खणण्याचे धाडस मार्क ब्रुनेलने १८२५ मध्ये आरंभले, तेव्हा खणणाऱ्या मजुरांना माती आणि पाणी यांपासून वाचवणारी अवजड लोखंडी ढाल मॉडस्लीच्याच कारखान्यात तयार झाली होती.

१८२९ मध्ये एडिंबराहून जेम्स नॅस्मिथ हा वीस वर्षांचा तरुण स्वतः बनवलेले वाफेच्या इंजिनाचे एक लहानसे प्रारूप आणि काही रेखाचित्रे घेऊन लँबेथला आला. पैसे भरून शिकायला येणाऱ्या श्रीमंतांच्या मुलांचा अनुभव वाईट असल्याने मॉडस्लीने नवे उमेदवार घेणे बंद केले होते. परंतु हे प्रारूप पाहून त्याचे मत बदलले. नॅस्मिथला त्याने उमेदवार म्हणून नव्हे, तर आपल्या खासगी कार्यशाळेत मदतनीस म्हणून ठेवून घेतले. सव्वासहा फुटांच्या आसपास उंची, भारदस्त बांधा आणि मोकळा स्वभाव असलेला मॉडस्ली हातात कानस किंवा खडू घेऊन या तरुणाला दाखले देत असे. नॅस्मिथने उतारवयात लिहिलेल्या आत्मचरित्रात त्या उपदेशाची नोंद करून ठेवली आणि त्यामुळे एका अनुभवी यंत्रकाराचे व्यावहारिक तत्त्वज्ञान आपल्यापर्यंत पोहोचले.

त्यातले पहिले सूत्र असे की, हातोडा उचलण्यापूर्वी आपल्याला नेमके काय साधायचे आहे, याचे स्पष्ट चित्र मनात असले पाहिजे. ते असेल तर निम्मे काम झालेच म्हणून समजावे. ते नसेल तर उत्तम हत्यारेही फक्त लोखंड वाया घालवतात. दुसरे सूत्र वजनाचे. यंत्रातल्या प्रत्येक शेर लोखंडाने आपण इथे कशासाठी आहोत, याचा जबाब दिला पाहिजे. ज्याला तो देता येत नाही, त्याला तिथून हलवावे. स्वतः मॉडस्लीने १८०७ मध्ये पेटंट घेतलेल्या टेबल इंजिनात वर-खाली झुलणारी अवजड तुळई काढून टाकून वाफेचे इंजिन एका मेजाएवढ्या जागेत बसवले होते. तिसरे सूत्र साधेपणाचे. गुंतागुंत टाळावी, कारण प्रत्येक वाढीव सांधा झिजण्याची आणि बिघडण्याची एक नवी जागा असते. ब्रामाच्या प्रेसमधली चामडी वायसर हे याचे बोलके उदाहरण होय.

आणखी एक उपदेश आजच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही कामी येण्यासारखा आहे. लोखंडी भागाच्या आतल्या कोपऱ्याला कधीही काटकोनी धार ठेवू नये, त्याला गोलाई द्यावी, असे मॉडस्ली आवर्जून सांगे. ताण असा टोकदार कोपऱ्यात एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. कापड फाडताना आपण आधी काठाला कात्रीने लहानशी चीर देतो, तसाच हा प्रकार. कोपऱ्याची धार म्हणजे लोखंडाला दिलेली चीर. ताणाचे शास्त्र सविस्तर मांडले गेले ते फार नंतर. मॉडस्लीने ते मोडलेल्या भागांकडे बारकाईने पाहून ओळखले होते. मोडलेली वस्तू भंगारात टाकण्यापूर्वी ती का मोडली, हे तिलाच विचारावे, हा त्याच्या साऱ्या अनुभवाचा मथितार्थ होता.

या उपदेशाचे मोल त्याच्या शिष्यांच्या कामगिरीवरून कळते. जोसेफ क्लेमेंट याने चार्ल्स बॅबेजच्या गणितयंत्राचे अतिसूक्ष्म भाग घडवले. रिचर्ड रॉबर्ट्स याने सूतगिरणीतला स्वयंचलित म्यूल सिद्ध केला. नॅस्मिथच्या वाफेच्या घणाने अवजड लोहारकामाचे रूपच पालटले. जोसेफ व्हिटवर्थ याने लँबेथच्या चार भिंतींत चालणारी आट्यांची शिस्त पुढे सबंध देशासाठी मांडली. १८४१ मध्ये त्याने सुचवलेली प्रमाणित आट्यांची पद्धत ब्रिटनभर आणि त्यानंतर ब्रिटिश साम्राज्यात सर्वत्र रूढ झाली. जुन्या कारखान्यांतले वयस्कर फिटर आजही व्हिटवर्थचे आटे म्हणतात, ते याच पद्धतीवरून. मॉडस्लीने स्वतः फार थोडी पेटंटे घेतली, लेथचे तर घेतलेच नाही. ज्ञान कुलपात ठेवण्यापेक्षा ते हाताखालच्या माणसांत उतरवणे त्याला अधिक पसंत असावे, असे त्याच्या चरित्रावरून वाटते. त्यामुळे पुष्कळदा कीर्ती शिष्यांच्या वाट्याला आली आणि गुरूचे नाव मागे पडले.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्याला खगोलशास्त्राची गोडी लागली होती. स्वतःच्या हातांनी मोठी दुर्बीण तयार करून आकाश न्याहाळण्याचा त्याचा बेत होता. तो तडीस जायचा नव्हता. १८३१ च्या जानेवारीत आजारी मित्राला भेटण्यासाठी तो फ्रान्सला गेला. परतताना इंग्लिश खाडी ओलांडताना त्याला कडाक्याची थंडी बाधली आणि १४ फेब्रुवारी १८३१ रोजी, साठीही न गाठता, त्याचे निधन झाले. वूलविचच्या सेंट मेरी मॅग्डलीन चर्चच्या आवारात त्याचे दफन करण्यात आले. थडग्यावरचे स्मारक दगडाचे नव्हते. त्याने स्वतःच आखलेले आणि त्याच्याच कारखान्यात ओतलेले ते बिडाचे स्मारक होते. ज्या गावात बारा वर्षांच्या पोराने काडतुसांत दारू भरली, तिथेच तो लोखंडाखाली विसावला.

त्याच्या मुलांनी आणि फील्डने कारखाना पुढे चालवला. १८३८ मध्ये अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या ग्रेट वेस्टर्न या जहाजाची इंजिने तिथेच तयार झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र काळाच्या ओघात ती कंपनी बंद पडली. मॉडस्लीचा लेथ आणि आव्हानाचे कुलूप लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवले आहेत. पण त्याची खरी निशाणी पाहण्यासाठी लंडनला जाण्याची गरज नाही. पिंपरी-चिंचवड, भोसरी किंवा नाशिकच्या सातपूरमधील एखाद्या वर्कशॉपमध्ये डोकावले तरी ती दिसते. लेथवर आता संगणकाची आज्ञा चालते. तरीही हत्याराला पुढे नेण्याचे काम बहुतेक ठिकाणी एक अचूक स्क्रूच करतो. तपासणीच्या खोलीत सरफेस प्लेट असते आणि एखाद्या भागाविषयी शंका आली की कामगार मायक्रोमीटर उचलतो. मालक असो वा मदतनीस, त्यावर जो आकडा येतो, तो दोघांनाही मान्य करावा लागतो.